दहा मिनिटांत थांबणारं लायसेट : पेशीपटल फोडल्यावर काय काय तपासायचं

सशाच्या रेटिक्युलोसाइटपासून, म्हणजे अपक्व तांबड्या पेशींपासून, बनवलेलं लायसेट (पेशी फोडून मिळणारा द्रव) वापरून नळीत प्रथिन तयार करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. हाच बिघाड मी इतक्यांदा निस्तरला आहे की फोनवर पहिली दोन वाक्यं ऐकली की कुठे बघायचं ते कळतं. दर वेळी तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं.

आधी लक्षणं. तुमचं यांपैकी कोणतं आहे ते ठरवा.

पहिलं, आणि सगळ्यात जास्त दिसणारं: पाच-दहा मिनिटं प्रथिन झपाट्याने बनतं, आलेख सरळ वर जातो आणि मग एकदम आडवा होतो. दुसरं: सुरुवातीपासूनच जवळजवळ काही बनत नाही. तिसरं: साधी नळी छान चालते, पण मायक्रोसोम (पेशीतल्या अंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाच्या बारीक पिशव्या) घातले की उत्पादन निम्म्यावर येतं. चौथं: विकतचं लायसेट चालतं, घरी, म्हणजे आपल्याच प्रयोगशाळेत, बनवलेलं चालत नाही. पाचवं: लायसेटचा गडद लाल रंग जाऊन ते तपकिरी दिसायला लागलं आहे. सहावं: जेलवर नीट पट्टा न उमटता खालपर्यंत ओघळ उतरतो.

तपासण्या सांगण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा, म्हणजे पुढचा क्रम पाठ करावा लागणार नाही. जिवंत रेटिक्युलोसाइटमध्ये केंद्रक नसतं, तरी रायबोसोम भरपूर असतात आणि पेशी रक्तात आल्यावरही दिवसभर हिमोग्लोबिन बनवत राहते. तिला ते जमतं, कारण बाहेरून पेशीपटल तिची राखण करत असतं. ते ट्रान्सफेरिनवरचं (रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनावरचं) लोह आत घेतं, पोटॅशियम आत राखतं, सोडियम आणि कॅल्शियम बाहेर ठेवतं. ऑक्सिडीकरणापासून जपणारं ग्लुटाथायोन आतच राहतं आणि परका आरएनए आत शिरत नाही. आपण थंडगार पाणी ओतून हे पटल फोडतो, त्या क्षणी ही सगळी कामं आपल्या अंगावर येतात. त्यातलं एक जरी विसरलं तरी लायसेट थांबतं. आणि फुटलेल्या पटलाचे तुकडे आत राहिले, तर ते वेगळा त्रास देतात.

फुकटची तपासणी: वेळेचा आलेख

बहुतेक जण नव्वद मिनिटांनी एकदाच मोजतात. त्यावरून "कमी आलं" एवढंच कळतं. ल्युसिफरेजचा (प्रकाश देणाऱ्या, म्हणून मोजायला सोप्या विकराचा) खात्रीचा आरएनए घ्या आणि ५, १०, २०, ४०, ६० मिनिटांनी थोडं थोडं काढून मोजा. सोबत आरएनए न घातलेली एक नळी ठेवाच. दहा मिनिटांनी आडवा होणारा आलेख आणि पहिल्यापासून जमिनीला टेकलेला आलेख हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात रायबोसोम धडधाकट असतात, फक्त नवी सुरुवात बंद झालेली असते. दुसऱ्यात मीठ चुकलेलं असतं, आरएनए मेलेला असतो किंवा लायसेटच मेलेलं असतं. हा आलेख नसेल तर पुढचं वाचूनही हात अंधारातच फिरतील.

थर्मामीटर, बर्फ आणि फ्रीझर

पाण्याच्या बाथमध्ये खरा थर्मामीटर बुडवा. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. तापमान ३० अंश हवं. आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद असला तर टेबलावरच तेवढं तापमान असतं. म्हणजे बर्फाबाहेर ठेवलेली नळी तुम्ही घड्याळ लावायच्या आधीच कामाला लागलेली असते. मग "दहा मिनिटांत थांबलं" म्हणता, तेव्हा खरी पंचवीस मिनिटं झालेली असतात.

बर्फाचं यंत्र बंद पडलं की मासळी बाजारातून बर्फ आणायची सवय कित्येक ठिकाणी आहे. मीही आणला आहे. तो वापरायचा तर नळ्या बंद पिशवीत घालून मगच त्यात रोवा. त्या वितळलेल्या पाण्याचा एक थेंब झाकणाखाली गेला तरी आरएनए चिरणारे विकर आत जातात. ओघळ दिसण्याचं हे अगदी साधं कारण, आणि जेलसमोर तासभर डोकं धरून बसलेल्याला ते आठवत नाही.

मग फ्रीझर. लायसेट उणे ८० लाच टिकतं, उणे २० ला नाही. चवथीच्या सुट्टीत तालुक्यात वीज गेली होती का, जनरेटर लागला होता का, हे चौकीदाराला विचारा. नोंदवहीपेक्षा त्याला जास्त माहीत असतं. नळीच्या आत बर्फाचा थर वरच्या भिंतीला चिकटलेला असेल, तर ती मध्ये वितळून पुन्हा गोठली आहे असं समजा. एका नळीतून दोनदापेक्षा जास्त वेळा घेऊ नका. छोटे भाग करून गोठवा, प्रत्येकावर तारीख लिहा आणि विमानाने कोरड्या बर्फात आलेलं पार्सल उघडताना बर्फ किती उरला होता तेही लिहून ठेवा. मोपा विमानतळाहून गाडी यायला अर्धा दिवस लागला, तर त्याचं उत्तर त्या एका ओळीत मिळतं.

हेमिन: इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

हेमिन म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त हीमचंच बाटलीत मिळणारं रूप. पहिल्या लक्षणाचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. पेशीत काय होतं ते बघा. ट्रान्सफेरिनचा प्रत्येक रेणू जास्तीत जास्त दोन लोह-अणू घेऊन पटलावरच्या ग्राहकाला, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. पटल तिथे आत दुमडतं आणि पिशवी बनते. पिशवीतला सामू ५.५ च्या आसपास उतरला की लोह सुटतं. रिकामं ट्रान्सफेरिन ग्राहकाला धरूनच पटलाकडे परततं आणि बाहेरच्या ७.४ सामूत मोकळं होतं. सुटलेलं लोह मायटोकाँड्रियात जाऊन हीम बनतं. लायसेटमध्ये ही साखळी पहिल्याच पायरीला तुटलेली असते. पटल नाही, ग्राहक नाही, नवं हीम नाही.

हीम संपलं की एचआरआय नावाचं किनेज, म्हणजे फॉस्फेट चिकटवणारं विकर, जागं होतं. ते ईआयएफ-२ या, प्रथिनाची सुरुवात करून देणाऱ्या घटकाच्या अल्फा साखळीतल्या ५१ व्या सेरीनवर (एका अमिनो आम्लावर) फॉस्फेट चिकटवतं. असा फॉस्फेट लागलेला ईआयएफ-२ आपल्या जोडीदाराला, म्हणजे त्याला दर फेरीनंतर पुन्हा कामाला लावणाऱ्या ईआयएफ-२बी ला, घट्ट धरून बसतो. ईआयएफ-२बी मुळात ईआयएफ-२ पेक्षा कमी असतो. त्यामुळे ईआयएफ-२ चा थोडासा हिस्सा बिघडला तरी सगळं काम थांबतं. पेशीच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच आहे. हीम नसताना ग्लोबिन साठत गेलं तर पेशीचंच नुकसान होईल. हेमिनचा ग्लोबिन बनण्यावर होणारा परिणाम ब्रन्स आणि लंडन यांनी १९६५ मध्येच मांडला होता, म्हणजे हा बिघाड साठ वर्षं जुना आहे.

तपासायचं असं. चार नळ्या लावा: जास्तीचं हेमिन ०, १०, २० आणि ४० मायक्रोमोलर. एक मिलिमोलर साठा असेल तर ५० मायक्रोलिटरमध्ये १ मायक्रोलिटर घातलं की २० मायक्रोमोलर होतं. २० वर आलेख चढता राहिला तर निदान झालं. ४० वर तो परत पडला तर घाबरू नका, जास्त हेमिनही बाधतं.

साठा कसा केला होता तेही विचारा. हेमिन साध्या पाण्यात विरघळत नाही. पाण्यात टाकून हलवलं की तपकिरी पाणी दिसतं आणि माणूस समजतो की झालं, पण खरं हेमिन तळाशी बसलेलं असतं. १० मिलिलिटर साठ्यासाठी ६.५ मिलिग्रॅम घ्या. आधी पाव मिलिलिटर एक मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पूर्ण विरघळवा, मग थोडं ट्रिस बफर, आणि बाकी बहुतेक इथिलीन ग्लायकॉल. आम्ल थेंबाथेंबाने घालून सामू ८ च्या जवळ आणा, घाईने ओतलंत तर हेमिन खाली बसेल. हा साठा उणे २० ला गोठत नाही, त्यामुळे काढून लगेच वापरता येतो.

आणखी एक. हेमिन लायसेट वितळतानाच घालायचं. वीस मिनिटांनी आठवण झाली म्हणून घातलं तर पूर्ण भरपाई होत नाही, कारण तोवर जागं झालेलं एचआरआय सहजासहजी झोपत नाही. "हेमिन घालून बघितलं, काही फरक नाही" असं सांगणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते: कधी घातलंत?

क्षार

पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि मोकळं कॅल्शियम अगदी नगण्य, तर बाहेर प्लाझ्मात सोडियम भरपूर आणि कॅल्शियम मिलिमोलरच्या घरात. हा फरक पटलातले पंप राखतात. नळीत तो तुम्ही राखायचा. पोटॅशियम ७० ते १५० मिलिमोलर आणि मॅग्नेशियम ०.५ ते २ मिलिमोलर या पट्ट्यात चार-चार पायऱ्यांनी बघा. प्रत्येक आरएनएची आवड थोडी वेगळी असते. आरएनए ईडीटीए असलेल्या बफरमध्ये विरघळवला असेल तर तो तुमचं मॅग्नेशियम खाऊन टाकतो. स्वस्तातला उपाय म्हणजे साध्या न्यूक्लिएजमुक्त पाण्यात विरघळवणे.

कॅल्शियमकडे मात्र खास लक्ष द्या. पेलहॅम आणि जॅक्सन यांनी १९७६ मध्ये दिलेल्या पद्धतीत लायसेटमधला स्वतःचा आरएनए मायक्रोकॉकल न्यूक्लिएजने कापून टाकतात. या विकराला कॅल्शियम लागतं. काम झालं की ईजीटीए घालून कॅल्शियम बांधतात. विकर नळीतच राहतं, फक्त निजलेलं. कुठल्याही बफरमधून कॅल्शियम परत आलं की ते उठतं आणि तुमचाच आरएनए कापायला लागतं. सहाव्या लक्षणात बर्फाच्या खालोखाल मी हेच शोधते.

तुमचा आरएनए

ल्युसिफरेजचा आरएनए नीट चालतो आणि तुमचा दहा मिनिटांत थांबतो, असं असेल तर हेमिनचा पिच्छा सोडा. टी७ पॉलिमरेजने (डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या विकराने) आरएनए बनवताना थोडा दुपदरी आरएनएही बनतो. तो पीकेआर नावाच्या दुसऱ्या किनेजला जागं करतो, आणि तेही नेमक्या त्याच ५१ व्या सेरीनवर फॉस्फेट लावतं. त्यामुळे आलेख हुबेहूब हेमिन संपल्यासारखा दिसतो. गंमत म्हणजे दुपदरी आरएनए अगदी थोडा असताना जास्त बाधतो आणि खूप असताना बाधत नाही. म्हणून "आरएनए कमी केला तर आणखी बिघडलं" हेही पुरावा म्हणून लिहून ठेवा. इथेनॉल असलेल्या बफरमध्ये सेल्युलोजवरून आरएनए गाळला की दुपदरी भाग सेल्युलोजला चिकटून मागे राहतो. खर्च फार नाही.

तपकिरी रंग

रंग बदलला म्हणजे हिमोग्लोबिनचं ऑक्सिडीकरण झालं आहे, आणि जिथे ते झालं तिथे ग्लुटाथायोनचंही झालं असणार. ऑक्सिडाइझ झालेलं ग्लुटाथायोन प्रथिनाची सुरुवातच रोखतं. ताजं डीटीटी (ऑक्सिडीकरण उलटवणारं रसायन) १ ते २ मिलिमोलर घालून बघा. ताजं म्हणजे त्याच आठवड्यातलं. आपल्या दमट हवेत उघडी राहिलेली डीटीटीची बाटली पावसाळ्यात लवकर निकामी होते. लायसेट जेल गाळणीतून काढलं असेल तर ग्लुकोज-६-फॉस्फेटही घाला, कारण एनएडीपीएच तयार करून ग्लुटाथायोन परत सरळ करणारी साखळी तिथून सुरू होते. पूर्ण चॉकलेटी झालेली नळी मात्र फेकून द्या.

मायक्रोसोम घातल्यावर पडणारं उत्पादन

रेटिक्युलोसाइटमध्ये खडबडीत अंतर्द्रव्यजालिका जवळजवळ उरलेलीच नसते. म्हणून बाहेर सोडायची किंवा पटलात बसणारी प्रथिनं बनवताना कुत्र्याच्या स्वादुपिंडाचे मायक्रोसोम घालतात. ब्लोबेल आणि डोबरस्टाइन यांनी १९७५ मध्ये हे बसवलं. कुत्र्याचंच स्वादुपिंड का, तर इतर प्राण्यांच्या मानाने त्यात आरएनए कापणारं विकर कमी असतं. कमी म्हणजे शून्य नव्हे, म्हणून सोबत विकररोधक घालाच.

पटल जास्त झालं की प्रथिन कमी बनतं, यात नवल काही नाही. मायक्रोसोम हे शेवटी पटलच आहे, स्वतःचे रायबोसोम आणि स्वतःची विकरं घेऊन येणारं. २५ मायक्रोलिटरमध्ये ०, ०.५, १, १.५, २ मायक्रोलिटर अशी पायरी लावा आणि जिथे कापलेलं प्रथिन सगळ्यात जास्त दिसतं तिथे थांबा. कापलेलं म्हणजे मायक्रोसोमच्या आत जाताना ज्याचं संकेत-पेप्टाइड, म्हणजे सुरुवातीचा पत्त्यासारखा तुकडा, काढून टाकला गेला आहे ते. मोजताना कापलेलं आणि न कापलेलं दोन्ही मिळून मोजा. चाचणीसाठी नेहमी घेतलं जाणारं प्रीप्रोलॅक्टिन साधारण २५ किलोडाल्टनचं असतं, संकेत-पेप्टाइड कापल्यावर २३ चं. वरचा पट्टा फिका पडला म्हणून उत्पादन पडलं असं वाटतं, आणि खाली बघितलं तर तेच प्रथिन खालच्या पट्ट्यात बसलेलं असतं. मायक्रोसोम पहिल्या मिनिटापासून हवेत, बनून संपलेलं प्रथिन मग आत जात नाही. आणि ते जोरात हलवू नका, बोटाने हलकी टिचकी पुरे.

घरच्या लायसेटमधलं उरलेलं पटल

इथे आपण अवघड आणि महागड्या टोकाला येतो. तपासणी मात्र सोपी आहे. १ मायक्रोलिटर लायसेट १ मिलिलिटर पाण्यात टाका आणि काचेची नळी खिडकीकडे धरा. गुलाबी आणि पारदर्शक दिसलं तर ठीक. धुरकट दिसलं तर पटलाच्या फुटक्या पिशव्या आत आहेत. गडद लायसेटमध्ये ते डोळ्यांना कधीच दिसत नाही.

गोव्यातल्या साखळी गावाहून एका विद्यार्थिनीचा तिसऱ्यांदा फोन आला होता. "ताई, परत दहा मिनिटांतच थांबलं. हेमिन घातलंय, क्षार बघितले, विकतचं चालतं." मी तिला ही नळी खिडकीकडे धरायला लावली. धुरकट. मग विचारलं, किती वेगाने फिरवलंस? "दहा हजार." दहा हजार काय? वहीत आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, लिहिलं होतं. त्यांच्या रोटरची त्रिज्या ८ सेंटिमीटर. गणित असं: १.११८ गुणिले १० चा उणे ५ वा घात, गुणिले त्रिज्या, गुणिले आरपीएमचा वर्ग. उत्तर सुमारे ८,९५० जी, म्हणजे गुरुत्वाच्या तेवढ्या पट. हवे होते किमान १५,०००, आणि त्यासाठी त्या रोटरवर जवळपास १३,००० आरपीएम लागतात. शिवाय तिने वरचा द्रव तळापर्यंत ओढून घेतला होता. पटलाचा गाळ कधी घट्ट बसत नाही, साईसारखा हलतो. पिपेट जवळ नेलं की तो वर येतो.

पुढच्या बॅचला तिने तासाभराच्या आत सगळं उरकलं: पेशी तीन वेळा धुतल्या, वरचा पांढऱ्या पेशींचा थर दर वेळी काढून टाकला, कारण आरएनए कापणारी विकरं त्या पेशींत खच्चून भरलेली असतात. मग पेशींच्या आकारमानाएवढंच बर्फाळ पाणी, १५,००० जी वर वीस मिनिटं, आणि वरचा दोन-तृतीयांश द्रवच घेतला. तो आलेख चाळीस मिनिटांनंतरही चढत होता.

यावर कुणी म्हणेल, मग एक लाख जी वर तासभर फिरवून सगळंच पटल काढून टाकू. तसं करू नका. त्या वेगाला रायबोसोमही तळाला जातात आणि हाती नुसतं हिमोग्लोबिन राहतं. जुनं धुरकट लायसेट पुन्हा फिरवून एकदा बघायला हरकत नाही, पण विकरं एव्हाना द्रवात उतरलेली असतील तर ते सुधारत नाही.

कुठे थांबायचं

विकतचं नवं लायसेट, त्यासोबत आलेला आरएनए आणि सूचनेप्रमाणे केलेला प्रयोग, तरीही आकडा येत नाही? मग जीवशास्त्र सोडा. बाथ, पिपेट आणि प्रकाशमापक यंत्र यांची तपासणी कंपनीच्या अभियंत्याकडून करून घ्या. फ्रीझरचा कॉम्प्रेसर आणि सेंट्रिफ्यूजचा रोटर स्वतः उघडू नका. रोटरवर चरा किंवा गंजाचा ठिपका दिसला तर तो त्याच दिवशी बाजूला ठेवा. तडकलेला रोटर पूर्ण वेगात फुटला तर समोरच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

किरणोत्सारी मेथिओनाइन वापरायची तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि नेमलेला सुरक्षा अधिकारी असल्याशिवाय बाटली उघडायची नाही. सांडलं तर पुसायला जाण्याआधी त्यांनाच बोलवा.

घरच्या दोन बॅच वरचं सगळं पाळूनही गेल्या, तर तिसऱ्या सशाला हात लावण्याआधी थांबा. या पेशी मिळवण्यासाठी सशाला फिनाइलहायड्रॅझिन देऊन रक्तक्षय घडवावा लागतो. ते औषध माणसालाही विषारी आहे आणि त्या जनावराला त्रास होतो. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आणि पशुवैद्य हजर असल्याशिवाय हे कुणीच करू नये. माझं मत विचाराल तर लहान प्रयोगशाळेने विकतचंच घ्यावं. ससा पाळण्याचा खर्च आणि त्याचे हाल धरले तर ते महाग पडत नाही.

आणि कधी कधी घरच्या माणसाचा रक्ताचा अहवाल मला पाठवून "रेटिक्युलोसाइट जास्त आलेत, काय करू" असं विचारणारे असतात. नळीतलं लायसेट दुरुस्त करणाऱ्या माणसाने त्यावर काही सांगू नये. तो अहवाल घेऊन बांबोळीला सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा, आणि सोबत चालू असलेल्या औषधांची यादी न्या.